दोन बोटं पाणी: पुणे ते उन्हेरे आणि परत

शुक्रवार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन बोअर आहेत, एकमेकांपासून ३० फुटांवर. पार्किंगच्या कोपऱ्यातला जुना बोअर एप्रिल-मेमध्येसुद्धा टाकी भरून देतो. दुसरा गेल्या वर्षी घेतला. पाणाड्या आला, तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारभर फिरला आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी नारळ उभा राहिला. चेअरमनकाकांनी तिथल्या तिथे खडूने फुली मारली. बोअरची गाडी रात्रभर थडथडत होती. सकाळी सगळ्यांच्या गाड्यांवर राखाडी पिठाचा थर. ३०० फूट खाली जाऊन मिळालं काय, तर दिवसाला दोन पिंपं पाणी. त्यानंतर सोसायटीच्या ग्रुपवर जे झालं ते इथे लिहीत नाही.

हे सगळं मामाला सांगितलं. मामा म्हणजे आयुष्यभर जमिनीखालचं तेल शोधत हिंडलेला माणूस. उमेदीची वर्षं गुजरातेत, मग समुद्रात, आणि आता चौदा वर्षं कर्वेनगरला. मामी गेल्यापासून शुक्रवारी दुपारी आमच्याकडे जेवतो. आमटीत भात कालवता कालवता त्याने विचारलं, "पाण्याची पातळी किती आहे दोन्हीकडे?"

"पातळी कुठली? पाणी येतं किंवा येत नाही, एवढंच माहीत आहे आम्हाला."

"अगं, ३० फुटांत एवढा फरक पडतो म्हणजे मधे काहीतरी उभं आहे. असल्या 'काहीतरी'वरच आमचं पोट चालायचं. कधी त्यानं आम्हाला तारलं, कधी पार बुडवलं." बुडवल्याचं काही सांगेना. ताक प्यायला, हात धुतले आणि म्हणाला, "उद्या उन्हेऱ्याच्या गरम झऱ्यांवर जाऊ. दोन दिवस काढ. आणि आज संध्याकाळी टेकडी."

टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. पाच वाजता वर पोचलो. जानेवारीचं ऊन, पिवळं पडलेलं गवत, आणि जुन्या खाणीत साठलेलं हिरवट पाणी. मामा पाण्याकडे बघतच नव्हता, खाणीच्या कापलेल्या भिंतीला नाक लावून चालला होता. एका जागी थांबून त्याने माझ्याकडची बाटली मागितली. भिंतीतून खडकाचा एक टप्पा पुढे आला होता आणि त्याच्या सपाट माथ्यावर हातभर अंतराने दोन भेगा होत्या. एक नुसती काळी रेघ, नखाएवढी रुंद. दुसरी तेवढीच रुंद, पण पांढऱ्या दगडाने भरलेली, दातात सिमेंट भरतात तशी. त्याने दोन्हींवर थोडं थोडं पाणी ओतलं. काळ्या भेगेवरचं पाणी सुर्र करून आत गेलं. पांढऱ्या रेघेवरचं तिच्यावरून ओघळून खाली माझ्या चपलेवर आलं.

"भेग म्हटलं की लोकांना वाटतं गळणार," मामा म्हणाला. "दोन्ही भेगाच. एकीतून शेकडो पावसाळे पाणी झिरपलं, त्यातला चुना नि गारगोटीची जात आत बसत गेली, आणि भेगेची भिंत झाली. वाघोलीच्या खाणीतून कॅव्हनसाइटचे निळे खडे निघतात ना, जगभरचे लोक विकत घेतात ते, तीही अशीच आत बसलेली भरणी."

शाळेत भूगोलात प्रस्तरभंग शिकलो होतो, गटपर्वत आणि खचदरीच्या आकृत्यांसकट. त्या दोन आकृत्या काढल्या की चार मार्क पक्के. खडक तुटून त्याची एक बाजू दुसरीच्या मानाने सरकली की तो प्रस्तरभंग, म्हणजे मामाच्या भाषेत फॉल्ट. नुसती तडकली, सरकली नाही, तर ती भेग. हा फरक त्याने मला तीनदा सांगितला, कारण मी तीनदा चुकले. पण सरकल्यावर तिथे काय होतं हे पुस्तकात नव्हतं. तेलवाल्यांचा सगळा धंदा त्या 'काय होतं'वर चालतो.

तेल खाली तळ्यासारखं साठलेलं नसतं, हे मला साधारण माहीत होतं. ते वाळूच्या खडकाच्या किंवा चुनखडीच्या बारीक छिद्रांत असतं, आणि पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याला सारखं वर यायचं असतं. थर तिरका असेल तर ते थराच्या चढाने सरकत जातं. वाटेत काही आडवं आलं नाही तर थेट उजेडात येतं, हवेने सुकतं, डांबर होतं, संपतं. आडवं आलं तरच थांबतं. त्या आडव्या येण्याला तेलवाले 'ट्रॅप' म्हणतात.

इथे टेकडीवरच्या एका आजोबांनी आमचं बोलणं तोडलं. कानटोपी, हातात काठी, बाकावरून सगळं ऐकत होते. "डेक्कन ट्रॅप म्हणजे तोच ट्रॅप का हो?" तो नाही. डेक्कन ट्रॅपमधला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून. आजोबांचं समाधान झालं नाही. पुण्याच्या खाली तेल आहे, सरकार काढत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

मामा अशा वेळी वाद घालत नाही, भोकं मोजून दाखवतो. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. तिथला फॉल्ट का हलतो हे समजून घ्यायला पुढे त्या भागात खोल विहिरी घेतल्या. पहिल्या विहिरीत सुमारे ९३३ मीटर काळा दगड, म्हणजे आपल्या टेकडीचाच बेसाल्ट, लागला आणि त्याच्या खाली एकदम ग्रॅनाइट. मधे वाळू नाही, गाळ नाही. किल्लारीला १९९३ नंतर विहीर घेतली, तिथे ३३८ मीटरवर काळा दगड संपला, खाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर, मग पुन्हा कठीण खडक. "तेल शिजायला जाड गाळ लागतो, आजोबा. पातेलंच नाही तर भात कशात लावणार?"

"मग गुजरातेत कसं निघतं?" आजोबा उठून उभे राहिले होते.

तिथे हाच काळा दगड तळाशी आहे. खंभातच्या आखाताच्या आसपासची जमीन दोन बाजूंच्या फॉल्टमधे खचत गेली, आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या दगडावर किलोमीटरच्या किलोमीटर गाळ साचला. लुणेजला १९५८ साली तेल लागलं, अंकलेश्वरला १९६० साली. म्हणजे आपल्या टेकडीचा दगड तिथे तळघराची फरशी आहे. काही जागी तर, बडोद्याजवळ पाद्र्याला, ती फरशीच इतकी तडकलेली आहे की तिच्या भेगांतूनच तेल निघतं. मामाने हे सांगितलं तेव्हा आजोबांनी खाणीच्या भिंतीकडे जरा आदराने पाहिलं.

शनिवार

सकाळी सहाला निघालो. चांदणी चौक, पौड, मग मुळशीच्या पाण्यावर धुकं. पौडच्या पुढे एका टपरीवर चहा आणि वडापाव. वडा कालचा होता.

ताम्हिणीत जानेवारीत एकही धबधबा नसतो. गर्दी नसते हेही आलंच. घाट उतरायच्या आधी मामाने गाडी कडेला घ्यायला लावली, कारण त्याला बर्फीची आठवण झाली. माझ्या भाचीच्या साखरपुड्यातला चॉकलेट बर्फीचा डबा मागच्या सीटवर होता. खाली पांढरा माव्याचा थर, वर तपकिरी चॉकलेटचा. मला वाटलं त्याला खायची आहे. त्याने डब्याचं झाकण बॉनेटवर उलटं ठेवलं, त्यावर एक मोठी वडी ठेवली आणि स्टीलची पट्टी मागितली. पट्टी कुठून असणार गाडीत? शेवटी चमच्याच्या दांड्याने काम भागवलं.

वडी त्याने वरून खाली सावकाश कापली, आणि कापता कापता उजवा तुकडा बोटाने खाली दाबला. डावीकडच्या तुकड्याची कापलेली बाजू माझ्याकडे वळवली. "सांग, पांढरं दिसतंय का?"

दिसत नव्हतं. दांड्याबरोबर वरचं चॉकलेट खाली ओढलं गेलं होतं आणि पांढऱ्या माव्याच्या उघड्या तोंडावर त्याचा पातळ तपकिरी लेप बसला होता. एका कोपऱ्यात, जिथे लेप पुरला नाही, तिथे मावा डोकावत होता.

तेलाच्या फॉल्टमधे अगदी हेच होतं. मावा म्हणजे वाळूचा खडक, त्यातून तेल जाऊ शकतं. चॉकलेट म्हणजे शेल, चिकणमातीचा दाबून झालेला खडक, त्यातून तेल जात नाही. फॉल्ट सरकताना शेलची माती त्या फटीत ओढली जाते आणि वाळूच्या तोंडाला लेप देते. लेप सलग बसला तर ती फट लाखो वर्षं तेल अडवते. फाटला तर त्याच कोपऱ्यातून तेल निसटतं. म्हणून फॉल्टच्या एखाद्या ठिकाणासमोरून जेवढे थर घसरून गेले त्यांत माती किती टक्के होती, याचं गणित मांडतात. पंधरा-वीस टक्क्यांच्या खाली असेल तर फारसा भरवसा ठेवायचा नाही, असा ढोबळ आडाखा. 'शेल गाउज रेशो' असं त्याचं नाव. "नाव लक्षात ठेव," मामा म्हणाला, "संध्याकाळी लागेल." मग प्रयोगाची वडी त्याने खाल्ली. फॉल्टसकट.

विळ्याला उजवीकडे वळून कोलाड, कोलाडहून वाकण. वाकणला पालीकडे वळायच्या ऐवजी मामा म्हणाला, सरळ घे, नागोठणं लांब नाही. तिथे तेलाचा एक थेंबही निघत नाही, पण लांबूनच कारखान्याची धुराडी आणि गोल टाक्या दिसतात. मुंबई हायचा वायू समुद्रातून पाइपने उरणला उतरतो, त्यातला इथेन-प्रोपेन वेगळा काढून या बाजूला आणतात, या सोयीवरच हा कारखाना इथे उभा राहिला. त्याचं पुढे प्लास्टिक होतं. आमचा बर्फीचा डबासुद्धा प्लास्टिकचाच.

मामाने मुंबई हायची गोष्ट रस्त्याकडेच्या रसवंतीत, उसाचा रस पिता पिता सांगितली. १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात भोक पाडलं आणि तेल लागलं. तिथे समुद्रतळाच्या खाली एक प्रचंड उंचवटा आहे, पूर्वेच्या अंगाला मोठा फॉल्ट, वर चुनखडीचे थर आणि त्यांच्यावर शेलचं झाकण. आजूबाजूच्या खोल भागात शिजलेलं तेल चढ चढून त्या चुनखडीत येऊन बसलं. उंचवटा आणि झाकण ही जोडी तिथे इतकी पक्की जमली आहे की मामा तिच्याबद्दल बोलताना जरा कंटाळल्यासारखा बोलतो. त्याला आवडतात ती बिघडलेली ठिकाणं.

उन्हेऱ्याला पोचायला दुपारचा एक वाजला. पालीच्या अलीकडेच आहे. विठ्ठलाचं देऊळ, बांधलेली कुंडं, बायकांची सोय वेगळी. संकष्टी नव्हती, त्यामुळे पालीला आलेल्या भाविकांची गर्दी नव्हती. दोन आज्या गुडघे पाण्यात सोडून बसल्या होत्या आणि तिसरीच्या सुनेबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले. पहिल्यांदा पाय घातला तेव्हा चटका बसला आणि काढून घेतला. दुसऱ्यांदा टाच, मग घोटा. पाचेक मिनिटांनी पाय बाहेर काढावेसे वाटेनात. मधूनच तळातून एखादा बुडबुडा निघून वर येऊन फुटायचा. पाण्याला जुन्या काडेपेटीसारखा किंचित वास.

"आजी, हे पाणी गरम कशानं?" मी उगाच विचारलं.

"देवाचं आहे ते," आजी म्हणाली. "पण माझे सासरे म्हणायचे, खूप खोलनं येतं."

सासऱ्यांना पैकीच्या पैकी. बाहेर आल्यावर मामाने तेच लांब करून सांगितलं. इथे कुठे ज्वालामुखी धुमसत नाही. पावसाचंच पाणी भेगांतून खोल उतरतं, खाली जमीन गरमच असते, तापलेलं पाणी दुसऱ्या मोकळ्या वाटेने भराभर वर येतं, आणि वाट मोकळी असल्यामुळे निवायच्या आत बाहेर पडतं. असे झरे कोकणात एका ओळीत आहेत, उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरी, दक्षिणेला तुरळ-राजवाडी, राजापूर. सह्याद्रीवर आडवे पडलेले काळ्या दगडाचे थर पनवेलच्या पट्ट्यात समुद्राकडे वाकलेले आहेत. वाकवला की दगड तडकतो. त्या तडकलेल्या पट्ट्याला धरूनच हे झरे आहेत.

"म्हणजे टेकडीवरच्या काळ्या रेघेसारखी ही भेग," मी म्हटलं.

"हो, पण ही उघडी का राहिली? पांढरा दगड हिच्यातही बसत असणार." आणि मग त्याने मला ती गोष्ट सांगितली जी मला आजवर कुणी सांगितली नव्हती. भेग बंद होत असते आणि तोडली जात असते, दोन्ही चालूच असतं. जमिनीत आज ज्या दिशेने ताण आहे, त्या ताणाखाली जी भेग घसरायच्या बेतात असते, ती अधूनमधून किंचित हलते आणि आतली भरणी पुन्हा मोडते. ती वाहत राहते. शेजारचीच, पण भलत्या दिशेची भेग, ताणाने दाबली जाते आणि मिटते. म्हणून तेलवाला माणूस फॉल्ट बघितला की पहिल्यांदा विचारतो, हा शेवटचा कधी हलला? तेल येऊन बसायच्या आधी हलून शांत झाला असेल तर ठीक. तेल बसल्यानंतर हलला असेल तर बहुतेक वेळा निरोप घ्यायचा.

रात्री पालीला राहिलो. खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ. मामाने दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि शुक्रवारी टाळलेली, बुडवलेल्या विहिरीची गोष्ट मग आपणहून काढली.

गुजरातेतलं वर्ष त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एक तिरका वाळूचा थर, वर चढत जाऊन फॉल्टला टेकलेला. फॉल्टच्या पलीकडे शेल. म्हणजे वाळूचं तोंड शेलच्या भिंतीला लागलेलं. कागदावर इतका सुंदर ट्रॅप की साहेबांनी नकाशा भिंतीवर टांगला. विहीर घेतली. वाळूत शिरल्यावर वर येणारा चुरा धुऊन, ताटलीत पसरून, जांभळ्या दिव्याच्या खोक्यात ठेवला. "सोनेरी चमकत होता गं, अख्खी ताटली. त्यावर सॉल्व्हंटचा थेंब टाकला की दुधासारखी रेघ सुटायची. रात्री दोन वाजता रिगवर शिरा केला होता." तिसऱ्या दिवशी विहिरीची चाचणी घेतली. खारं पाणी आलं. दिवसभर नुसतं खारं पाणी.

चमक खोटी नव्हती. त्या वाळूच्या दाण्यांना तेल लागलेलं होतंच, फक्त पूर्वी कधीतरी. तेल आलं होतं, राहिलं होतं आणि निघून गेलं होतं. भांडं विसळल्यावर कडेला तुपाचा ओशटपणा राहतो तेवढंच उरलं होतं.

"कुठून गेलं?"

त्याने खानावळीच्या टेबलावर बोटाने पाण्याच्या रेघा काढल्या. पलीकडच्या शेलमधे एक पातळ वाळूचा पट्टा होता, आठ मीटरचा, त्यांच्या नकाशात न आलेला. फॉल्टवर नेमका तोच पट्टा यांच्या वाळूसमोर आला होता. वाळूला वाळू लागली. "दोन वाड्यांच्या मधे एवढी मोठी भिंत, आणि भिंतीतली एक खिडकी आम्ही पाहिली नाही." तरीही लेपाने वाचवलं असतं, पण लेपच पुरेसा नव्हता. ते टक्क्यांचं गणित १९९७ साली छापून आलं. यांची विहीर त्याच्या बरीच आधीची. निवृत्तीनंतर एकदा, करायला काही नव्हतं म्हणून, त्याने जुन्या वहीतल्या आकड्यांवर ते गणित घालून पाहिलं. चौदा टक्के आले.

टेबलावरच्या रेघा वाळल्या. वाढणाऱ्या ताई विचारायला आल्या, कढी घेणार का. घेतली.

रविवार

बल्लाळेश्वराचं दर्शन, सरसगड खालूनच पाहिला. मामाचे गुडघे आणि माझा कंटाळा, दोघांचं एकमत झालं. परळी, खोपोली, बोरघाट. घाटात ट्रक बंद पडल्यामुळे पाऊण तास एकाच वळणावर. तेवढ्यात मामाने ज्वालामुखीचं सांगितलं, म्हणजे हिमाचलातल्या देवीचं. तिथे गाभाऱ्यात खडकाच्या फटींतून वायू येतो आणि ज्योती जळतात. त्या भागात हिमालयाचे थर एकमेकांवर चढलेले आहेत आणि वायू त्या फॉल्टच्या पट्ट्यातून वर येतो. वर एवढं येतंय म्हणजे खाली किती असेल, असं म्हणून १९५७ साली तिथेच भोक पाडलं होतं. वायू लागला, पण धंदा व्हावा एवढा नव्हता. गळतं ते ठिकाण भरलेलं असेलच असं नाही, ते वर्षानुवर्षं रिकामंही होत असतं. आसामात दिग्बोईला १८८९ साली जमलं, कारण तिथे उंचवट्यात पुरेसं उरलं होतं.

लोणावळ्याला चिक्की घेतली नाही, हे नोंदवून ठेवते. घरी कुणाचाही विश्वास बसत नाही.

रात्री घरी खिचडीचा कुकर लावला. पाइपच्या गॅसची ज्योत निळी, एकसारखी. मामा ओट्याला टेकून उभा होता. पहिली शिट्टी झाली तशी त्याने बोट वर केलं. "हे शिकवायला मी पोरांना नेहमी कुकरच द्यायचो."

शिट्टीचं वजन साधारण एक बार दाबाला उचललं जातं, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन पुन्हा बसतं. फॉल्ट कित्येकदा असाच वागतो. १०० मीटर उंचीचं तेल साठलं तर ते आपल्या हलकेपणामुळे झाकणाला साधारण दोन बारने वर ढकलतं. तेवढाच वायू साठला तर त्याच्या चौपट जोर लावतो. म्हणून जी भिंत तेल धरून ठेवते ती वायूला पुरत नाही, असं घडतं. वायू थोडा निसटतो, दाब उतरतो, भिंत पुन्हा धरते. माझी शिट्टी मात्र तिसऱ्यांदा फुसफुसली आणि कडेने पाणी आलं. रिंग बदलायला झाली आहे.

"माणूस दाब वाढवतो तेव्हा घात," तो म्हणाला. २८ जानेवारी १९६९ ला कॅलिफोर्नियात, सांता बार्बराच्या समुद्रात, उसळलेली विहीर वरून बंद केली तर आतला दाब खालच्या कच्च्या खडकातल्या भेगांतून वाट काढत समुद्राचा तळ फोडून वर आला. विहिरीचं तोंड बंद, आणि शेजारचा समुद्र उकळतोय. कोयनेत धरणाचं पाणी फॉल्टमधे शिरलं आणि आतला दाब वाढला, हाही त्याच जातीचा प्रकार, फक्त तिथे तेलाऐवजी जमीन निसटली. खिचडी चांगली झाली होती. तूप जरा जास्त पडलं.

सोमवार

मामा सकाळी पावणेसातला हजर. हातात सुतळीचं बंडल, एक जाड नट आणि माझ्या मुलाची जुनी वही. रविवारी रात्रीच फोन करून त्याने दोन्ही पंप बंद ठेवायला सांगितले होते, त्यामुळे सोसायटीत आधीच नाराजी. चेअरमनकाका लुंगीवर आले.

नट बांधलेली सुतळी केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या नळीच्या, फटीतून खाली सोडायची. पाण्याला टेकली की लांबून, विहिरीत खडा पडावा तसा, टुप आवाज येतो. बोटाने पकडायची, वर ओढायची, टेपने मोजायची. जुना बोअर ७१ फूट. कचऱ्याच्या डब्यांपाशी ११८ फूट. आठ वाजता पुन्हा मोजलं, तेच आकडे.

"४७ फुटांचा फरक," मामा म्हणाला. "३० फुटांच्या अंतरात. दीड बारच्या जवळपास दाब अडवून धरलाय मधल्या भिंतीनं. तुमच्या कुकरपेक्षा जास्त."

"कसली भिंत?" चेअरमनकाका.

"भित्त असेल, म्हणजे काळ्या दगडातून उभी घुसलेली दुसऱ्या काळ्या दगडाची पट्टी. नाहीतर भरून बुजलेली भेग. नाहीतर नुसताच खालचा बारीक भोकांचा मांजऱ्या दगड तिकडे संपत असेल. वरून नाही सांगता येत."

काकांना हे उत्तर पाणाड्याच्या मानाने फारच कमकुवत वाटलं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण नारळाचा विषय काढला.

सव्वाआठला जुन्या बोअरचा पंप चालू केला, दुसरा बंदच. तेलाच्या क्षेत्रातही असंच करतात. फॉल्टच्या एका बाजूची विहीर चालवायची आणि पलीकडच्या विहिरीतला दाब बघत बसायचं. हलला नाही तर फॉल्ट धरतोय, हलला तर गळतोय. नऊला जुन्या बोअरची पातळी ८३ फुटांवर गेली. दहाला ९४. पलीकडे ११८, ११८. काका टाकी बघायला निघून गेले. मामा कचऱ्याच्या डब्यांच्या वासात खुर्ची टाकून बसला होता, वहीत रकाने आखत.

सव्वाअकराला मी सुतळी सोडली. टुप जरा उशिरा आल्यासारखं वाटलं. वर ओढून मोजलं, पुन्हा सोडलं, पुन्हा मोजलं. ११८ फूट आणि वर दोन बोटं.

"चूक झाली असेल माझी," मी म्हटलं.

मामाने स्वतः सुतळी सोडली, डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून. मग टेपवर अंगठा ठेवून बराच वेळ बघत राहिला. "दोन बोटंच आहेत. म्हणजे भिंतीतून ह्याला थेंब थेंब येत होतं. आपण तिकडची पातळी उतरवली, थेंब आटले."

"मग धरतेय की गळतेय?"

"तीन तासांत दोन बोटं." त्याने वहीत आकडा लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली. "आमच्या तेलाकडे तर किती वेळ होता, बघ." काका परत आले, तिसरा बोअर कुठे घ्यायचा ते विचारायला. मामा म्हणाला, घेऊ नका, आधी वर्षभर दर सोमवारी हे मोजा. काकांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. पंप बंद केला.

मंगळवारी सकाळी सातला मी एकटीच खाली गेले. ११८ फूट, नेमके. दोन्ही बोटं परत आली होती. मामाला फोन लावला.

"किती वाजता आली?" तो म्हणाला. "रात्री उठून मोजलं नाहीस?"